एकच व्हॅल्कीरी, पाच मालक

जपानी ॲनिमेमधले रूप बदलणारे रोबो आणि त्यांची मॉडेल किट्स जमवणाऱ्या, आणि ती 'जपानला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून' मागवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझे तीस हजार गेले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या आणखी चौघांचे मिळून त्याहून बरेच जास्त गेले. यात कुणी अडाणी नव्हतं. प्लास्टिकच्या रंगावरून किटचं साल सांगणारी ही मंडळी, आणि आमच्या त्या माहितीवरच त्या माणसाने आपलं दुकान चालवलं.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, नाहीतर एका खेळण्यासाठी एवढे पैसे का, हा प्रश्न शेवटपर्यंत डोक्यात राहील. ३ ऑक्टोबर १९८२ ला जपानी दूरचित्रवाणीवर 'मॅक्रॉस' ही ॲनिमे मालिका सुरू झाली. तिच्यातलं व्हीएफ-१ व्हॅल्कीरी हे लढाऊ विमान शोजी कावामोरी यांनी रेखाटलेलं. त्या विमानाला पाय फुटले की त्याचं गरवॉक होतं आणि गरवॉक उभं राहिलं की रोबो, म्हणजे बॅट्रॉइड. ताकातोकु या कंपनीने त्याचं १/५५ मापाचं खेळणं काढलं आणि एकही तुकडा न काढता ही तिन्ही रूपं हातात जमवून दाखवली. त्या काळात ही फार मोठी करामत होती. पुढे १९८४ साली ताकातोकु बुडाली, साचे बंदाई या कंपनीकडे गेले. १९८५ मध्ये तेच खेळणं अमेरिकेत हॅस्ब्रोच्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये 'जेटफायर' म्हणून विकलं गेलं. म्हणजे साचा एक आणि विकणारी नावं तीन. ताकातोकुच्या छापाचा, खोक्यासकट, पांढरं प्लास्टिक पिवळं न पडलेला नग मिळणं म्हणजे आमच्यासाठी दिवाळीच. त्यातही गनपॉड, म्हणजे त्याची सुटी बंदूक, आणि क्षेपणास्त्रं जागेवर हवीत, कारण पोरांच्या हातून आधी हरवतात ती हीच.

असा नग भारतात बसून मिळवायचा तर बरेच सोपस्कार असतात. जपानी लिलावाच्या साइटवरचे पुष्कळ विक्रेते देशाबाहेर पाठवत नाहीत. मधली खरेदी-सेवा वापरली तर तिचं कमिशन द्यायचं, वर टपाल. मग आपल्याकडचं सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का लागतो. तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, पण पन्नाशीच्या माणसाने मागवलेला रोबो हा मुलाचं खेळणं की प्रौढाचा संग्रह, हे खोकं उघडणाऱ्या अधिकाऱ्याला कोण समजावणार? अशा वेळी कुणी म्हणालं, 'मी कामानिमित्त टोकियोला जातो, बॅगेत घालून आणतो,' की तो माणूस देवासारखा वाटतो.

आमचा देव ग्रुपमध्ये आला तेव्हा अगदी नवखा होता. निदान तसं दाखवत होता. गोड मराठी, सगळ्यांना 'दादा'. आल्या आल्या काही विकायला काढलं नाही, नुसते प्रश्न विचारले. 'दादा, ताकातोकुचा आणि बंदाईचा नग कसा ओळखायचा?' 'पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइडने पांढरं केलंय हे कळतं का हो?' 'स्टिकर नंतर लावलेत की मूळचे?' आम्ही रात्र रात्र जागून उत्तरं लिहिली. असा ऐकणारा घरात मिळत नाही ना! पुढे त्याने विक्रीचे मेसेज टाकले तेव्हा त्यात आमचीच वाक्यं होती. घ्यायला आलेला माणूस कशाला घाबरतो याची पूर्ण यादी आम्ही त्याच्या हातात दिली होती आणि तो प्रत्येक भीतीचं उत्तर आधीच तयार ठेवत होता.

पहिल्या खेपेला त्याने फक्त गनप्ला आणला. गनप्ला म्हणजे 'गुंडम' या रोबोंच्या ॲनिमेची प्लास्टिक किट्स. १९८० च्या जुलैत पहिलं किट आलं ते १/१४४ मापाचं, तीनशे येनचं. आता हाय ग्रेड, मास्टर ग्रेड, परफेक्ट ग्रेड असा पसारा आहे. त्याने आणलेली किट्स अस्सल होती, भाव रास्त होता, खोक्याचे कोपरेसुद्धा दबले नव्हते. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला.

दुसऱ्या खेपेत जे झालं ते मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. ठाण्याच्या एका सभासदाला मिळालेलं मास्टर ग्रेड किट नकली निघालं. अस्सल बंदाई किटमध्ये भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, त्या रनरच्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं. इथे ती पट्टी कोरी होती. बंदाई बऱ्याच किटमध्ये एका रनरमध्येच तीन-चार रंगांचं प्लास्टिक ओतते, इथे प्रत्येक रंगाचा रनर वेगळा. सूचनापुस्तिका तर झेरॉक्ससारखी फिकट. ठाणेकराने सगळे फोटो ग्रुपवर टाकले. दोन तासांत त्या माणसाने जाहीर माफी मागितली, 'तिकडच्या दुकानदाराने मलाच गंडवलं दादा,' म्हणाला, आणि पूर्ण पैसे परत केले. किटही ठेवा म्हणाला.

त्या एका परताव्याने त्याची पत जी वाढली ती दहा चांगल्या किट्सनी वाढली नसती. नंतर कुणी शंका काढली की इतर सभासदच उत्तर द्यायचे, 'अरे, त्याने पैसे परत केलेत, माहितेय ना?' ते किट त्याने मुद्दाम घातलं होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आता मागे वळून पाहता मला तरी तो अपघात वाटत नाही.

मग मला खासगीत मेसेज आला. 'दादा, तुम्ही शोधत होतात ना? व्हीएफ-१एस मिळतंय. ताकातोकु, खोक्यासकट. नाकानो ब्रॉडवेला आहे. साठ सांगतोय, निम्मे आत्ता द्यावे लागतील. ग्रुपवर बोलू नका हं, बाकीचे लगेच मागे लागतील.' नाकानो ब्रॉडवे ही टोकियोतली जुन्या खेळण्यांच्या दुकानांनी भरलेली खरी इमारत आहे, तिथे असा नग असू शकतो. भावही खोटा वाटावा इतका कमी नव्हता. फसवणारा नेहमी स्वस्तात देतो हा समज डोक्यातून काढून टाका. याने बाजारभावाच्या किंचित खाली सांगितलं, तेवढंच पुरलं.

मी पुरावा मागितला. आमच्यात रीत आहे: वस्तूशेजारी घेणाऱ्याचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढायचा, म्हणजे तो नेटवरून उचललेला नाही हे कळतं. अर्ध्या तासात फोटो आला. डोक्यावर चार लेझर नळ्या, म्हणजे एस प्रकार बरोबर. ए असता तर एकच नळी असती. शेपटीवर कवटीचं चिन्ह, शेजारी माझ्या नावाची चिठ्ठी. रोबो, गरवॉक, विमान, तिन्ही रूपांतले फोटो मागितले, तेही आले. पैसे गेले ते एका अनोळखी बाईच्या खात्यात. 'वहिनीचं खातं आहे, माझं लिमिट संपलं,' असं कारण मिळालं.

नंतर ठरल्याप्रमाणे खोकं 'बॅगेत मावत नाही' म्हणून टपालाने निघालं. ईएमएसचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय जलद टपालाचा, क्रमांक आला. तो ना जपान पोस्टवर दिसत होता, ना इंडिया पोस्टवर. मग 'बीआयएसमध्ये अडकलंय' आणि त्याबरोबर सीमाशुल्काची एक पीडीएफ, आठ हजारांची. रक्कम त्याच यूपीआयवर भरायची. टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क डिलिव्हरीच्या वेळी पोस्ट वसूल करतं. कुरिअर असेल तर कंपनी केवायसी मागते आणि बिल देते. सीमाशुल्क विभाग कुणाच्या वहिनीच्या खात्यात पैसे मागत नाही. तिथे मी थांबलो.

टपालाचा क्रमांक खरा की मनाचा, हे कागद-पेन्सिलीने तपासता येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. आंतरराष्ट्रीय क्रमांकात दोन अक्षरं, नऊ आकडे आणि देशाची दोन अक्षरं असतात, जपानची 'जेपी'. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, तिला ११ ने भागा आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर ० धरा, ११ आलं तर ५. हाच नववा आकडा असायला हवा. माझ्या क्रमांकात यायला हवा होता ३ आणि होता ८. म्हणजे साहेबांनी बोटं आपटून आकडे तयार केले होते. गणित जुळलं तरी पार्सल तुमचंच आहे असं नाही, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांकही देता येतो. पण जुळलं नाही तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मी 'गुप्तता' मोडली आणि सगळं ग्रुपवर टाकलं. थोडा वेळ शांतता. मग नाशिकच्या एकाने लिहिलं, 'माझ्याकडेही हाच फोटो आहे, माझ्या नावाच्या चिठ्ठीसकट.' मग तिसरा, चौथा. पाच जणांनी फोटो शेजारी शेजारी लावले. डाव्या पंखावरच्या स्टिकरला त्याच जागी तीच घडी. तो नग अस्सल होता आणि फोटोही अस्सल होते. एकच व्हॅल्कीरी पाच जणांना विकली होती, आणि प्रत्येकाला 'कुणाला सांगू नका' म्हटल्यामुळे पाचही जण आपापल्या घरी मनातल्या मनात शेल्फ रिकामं करत होते. चिठ्ठीचा फोटो एवढंच सांगतो की वस्तू त्याच्यासमोर आहे. ती तो फक्त तुम्हालाच विकतोय, किंवा विकतोयच, हे त्यात कुठेही नाही.

नाशिककराच्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. कोपऱ्यात, पडद्याखाली, तीन गोल भोकांचा सॉकेट. जपानमध्ये शंभर व्होल्ट वीज आणि दोन चपट्या फटींचे सॉकेट असतात. म्हणजे नाकानोतलं विमान इथेच कुठेतरी, आपल्याकडच्या एखाद्या खोलीत उभं होतं. तो जपानला कधी गेला होता की नाही, देव जाणे. ग्रुप सोडून तो त्याच रात्री गेला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. हे ताबडतोब करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं. माझ्या बाबतीत त्या बाईच्या खात्यात थोडीच रक्कम सापडली, ती अडकवून ठेवली आहे. चौकीतल्या हवालदारांनी तक्रार नीट वाचली आणि विचारलं, 'अहो, तीस हजारांत सेकंडहँड स्कूटर आली असती, खेळणं कशाला?' पण लिहून घेतलं व्यवस्थित. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. जुनं ४२० हे १ जुलै २०२४ ला गेलं. जाताना त्यांनी एक कामाची सूचना दिली: पाचही जणांनी वेगवेगळ्या तक्रारी द्या आणि एकमेकांचे तक्रार क्रमांक त्यात लिहा. एकट्याचा तीस हजारांचा वाद 'व्यवहारातला वाद' म्हणून बाजूला पडू शकतो. एकच फोटो पाच नावांनी आला की तसं म्हणता येत नाही.

आता मी जपानमधून मागवतो ते दुकानाकडून थेट किंवा नोंदणीकृत खरेदी-सेवेकडून, कमिशन देऊन. जपानमध्ये जुन्या मालाच्या व्यापाराला प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना लागतो आणि दुकानाच्या साइटवर त्याचा बारा आकडी क्रमांक असतो; तो नसेल तर मी पान बंद करतो. 'जंक' म्हणून लावलेला नग म्हणजे चालण्याची हमी नाही आणि परत घेणार नाही, हे जपानी विक्रेते आधीच लिहितात. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, त्यांनी सांगितलेलं असतं. भारतातल्या माणसाकडून घ्यायचं तर समोरासमोर, हातात घेऊन, तिन्ही रूपं करून पाहून. आणि ज्या व्यवहारात 'ग्रुपवर बोलू नका' हे वाक्य येतं, तो व्यवहार मी त्याच क्षणी ग्रुपवर टाकतो. यामुळे एक-दोन चांगले नग हातचे गेले. जाऊ देत.

तक्रार दिल्यानंतर काही दिवसांनी एका नंबरवरून फोन आला. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी अडीच हजार प्रोसेसिंग फी भरा.' त्याला माझं नाव माहीत होतं, रक्कम माहीत होती, 'व्हॅल्कीरी' हा शब्दसुद्धा माहीत होता. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत. असा फोन तुम्हालाही येईल. तो नंबर मी जुन्या तक्रारीला जोडून दिला, बाकी चौघांनाही कळवला. त्यातल्या दोघांना तोवर हाच फोन येऊन गेला होता.