नोकरी सोडून नवा व्यवसाय आणि व्हिसासाठी पैशाचा पुरावा: आताच अर्ज, घरच्यांची हमी की पहिल्या रिटर्नपर्यंत थांबणं?

पगारदाराची फाइल सोपी असते: तीन सॅलरी स्लिप, फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला), कंपनीचं रजेचं पत्र. नोकरी सोडून सहा-आठ महिने झालेत, खात्यात ग्राहकांचे पैसे येताहेत, पण दाखवायला व्यवसायाचा एकही आयकर रिटर्न नाही, अशा माणसाला शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) किंवा यूकेच्या पर्यटक व्हिसासाठी तीन वाटा असतात. स्वतःच्या नव्या कागदांवर आताच अर्ज करायचा, घरच्या कुणाची तरी आर्थिक हमी द्यायची, किंवा पहिला रिटर्न भरेपर्यंत थांबायचं.

आधी रकमेचं बघू. जर्मनी दिवसाला ४५ युरो धरते. फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असेल तर ६५ आणि नसेल तर १२० युरो धरतो. यूकेने ठरावीक आकडा दिलेलाच नाही; तिथे काम न करता सहलीचा खर्च भागला पाहिजे, एवढंच नियम सांगतो. दहा दिवसांच्या जर्मनीला कागदोपत्री ४५० युरो पुरतात, म्हणजे एवढी रक्कम बहुतेकांकडे असते. गाडी अडते ती दोन प्रश्नांवर: पैसे आले कुठून, आणि परत येण्यासारखं इथे काय आहे? तिन्ही वाटा या दोन प्रश्नांवर तोलायच्या.

आताच, स्वतःच्या कागदांवर

व्यवसायाला सहा महिने झालेत आणि दर महिन्याला काही ना काही जमा होतंय, तर आमचं मत याच वाटेला. व्यवसाय आहे हे दाखवायला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पुरते, पण एकटी दुबळी पडते, कारण ती आधार-पॅनवर फुकट आणि बसल्या जागी मिळते. जोडीला गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी (महाराष्ट्रात कामगार थोडे असतील तर फॉर्म ‘एफ’ची पावती), व्यवसाय कर भरल्याचं चलन आणि जीएसटी असेल तर भरलेले जीएसटीआर-३बी (जीएसटीचे नियमित रिटर्न) लावा. आयकर रिटर्न नसताना जीएसटीचे रिटर्न फार कामी येतात. उलाढालीचा तेवढाच सरकारी पुरावा तुमच्या हातात असतो.

सगळ्यात जास्त मेहनत बँक स्टेटमेंटवर घ्या. शेंगेनसाठी बहुतेक दूतावास तीन महिन्यांचं मागतात, काही सहा. यूकेला सहाचं द्यावं. नेट बँकिंगवरून काढलेल्या पीडीएफवर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. मग एक पान स्वतः तयार करा: बिल क्रमांक, तारीख, ग्राहक, बिलाची रक्कम, जमा रक्कम. कारण बिल आणि जमा कधीच जुळत नाहीत. ६०,००० रुपयांच्या बिलावर १८ टक्के जीएसटीचे १०,८०० चढतात, ग्राहक १० टक्के टीडीएसचे (पैसे देतानाच कापायचा आयकर) ६,००० कापतो आणि खात्यात ६४,८०० येतात. तुम्हाला हे पाठ असतं. परदेशी अधिकाऱ्याला बिल एका रकमेचं आणि जमा दुसऱ्याच रकमेची दिसते. कापलेले ६,००० फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा सरकारी तक्ता) दिसतात, तोही जोडा.

करंट खात्यातून बचत खात्यात वळवलेले पैसे हा दुसरा सापळा. एकच रक्कम दोनदा आल्यासारखी वाटते. दोन्ही खात्यांची स्टेटमेंट द्या आणि आपलीच फिरवाफिरवी पेन्सिलने खूण करून दाखवा.

अर्जाच्या आठवडाभर आधी आलेले साडेतीन लाख मात्र कुठल्याही खुणेने लपत नाहीत. पीएफ, ग्रॅच्युइटी किंवा मोडलेली एफडी असेल तर तिचा कागद लावा आणि निर्धास्त राहा. मित्राकडून चार दिवसांसाठी घेतले असतील तर ते मागे असलेल्या सहा महिन्यांच्या प्रामाणिक नोंदींवरही संशय आणतात.

सीएचं प्रमाणपत्र घ्या, पण त्यावर १८ अंकी यूडीआयएन (त्या प्रमाणपत्राचा खास ओळख क्रमांक) हवा. तो ऑनलाइन पडताळता येतो. आणि जुन्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर झाकून ठेवू नका. तेच काम आता स्वतंत्रपणे करताय हे त्यातूनच कळतं.

घरच्यांची हमी

व्यवसायाला चार महिनेही झाले नसतील आणि नवरा किंवा बायको पगारदार असेल, तर ही वाट बरी. हमीचं पत्र, विवाह प्रमाणपत्र, त्यांच्या सॅलरी स्लिप, रिटर्न, स्टेटमेंट. नातं खरं असेल तर यूकेचे नियमही तिसऱ्याचा पैसा मान्य करतात. जर्मनीत नातेवाईक असतील तर ते तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून २९ युरोत औपचारिक हमीपत्र करून देऊ शकतात. फ्रान्समधला यजमान नगरपालिकेतून निवासाचा दाखला काढतो आणि मग दिवसाची किमान रक्कम ३२.५० युरोवर येते.

हमी देणाऱ्याने पैसे तुमच्या खात्यात टाकायचे नाहीत, ही चूक सर्रास होते. त्यांच्या खात्यात ते पगारातून साठलेले दिसतात. तुमच्या खात्यात आले की बेवारस होतात. शिवाय हमीने फक्त पहिला प्रश्न सुटतो. परत का येणार, याचं उत्तर म्हणून व्यवसायाची कागदपत्रं, चालू कामाचे करार आणि परतल्यावरच्या तारखांच्या ऑर्डर तुम्हालाच द्याव्या लागतात.

पहिल्या रिटर्नपर्यंत थांबणं

एजंट सरसकट ‘दोन वर्षं थांबा’ म्हणतात. ते सगळ्यांना लागू नाही. नोकरी कुठल्या महिन्यात सोडली त्यावर गणित ठरतं. जानेवारीअखेर सोडली असेल तर ३१ मार्चनंतरच्या रिटर्नमध्ये दहा महिन्यांचा पगार आणि दोन महिन्यांचा व्यवसाय एकत्र येतो. दोन-चार महिने थांबून एवढी चांगली फाइल होत असेल तर थांबाच. मे महिन्यात सोडली असेल तर वर्ष जातं. त्यापेक्षा पहिली वाट. व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) चालत नाही, ३ किंवा ४ लागतो.

थांबण्यातली मेख अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत आहे, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरण्याच्या सोयीत. डिजिटल विक्रीवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरला तर ३० लाखांच्या उलाढालीवर उत्पन्न दिसतं १ लाख ८० हजार. मग तीन लाखांची युरोप सहल कशी परवडते, हा प्रश्न रिटर्नच उभा करतो. ६ टक्के ही खालची मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. डॉक्टर, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार अशा व्यावसायिकांना निदान ५० टक्के धरावे लागतात, त्यांची ही अडचण बरीच कमी.

यूकेच्या फॉर्मात उत्पन्न, बचत, महिन्याचा खर्च आणि सहलीवर होणारा खर्च वेगवेगळा विचारतात. उत्पन्न म्हणून सगळ्यात चांगल्या महिन्याचा आकडा टाकू नका. सहा महिन्यांची सरासरी टाका आणि ती स्टेटमेंटवरून निघते का बघा. जुन्या कंपनीचं नाव अजून नोकरी देणारी कंपनी म्हणून लिहिणं हा तर सरळ खोटेपणा. फसवणूक ठरली तर यूकेची दारं १० वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात. साध्या नकारावर पर्यटक व्हिसाला अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा नकारपत्रात ज्या नोंदीवर बोट ठेवलंय तिचा कागद आधी मिळवा आणि मगच नवी फी भरा.