जमीनसुद्धा ओली झाली नव्हती

आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याला गेल्या उन्हाळ्यात वास यायला लागला. आधी वाटलं टाकी धुवायची राहिली असेल. पण बाथरूमचं दार लावून गरम पाणी सोडलं की सरळ पेट्रोलचाच वास. कुंपणापलीकडे पेट्रोल पंप आहे, जमिनीखाली त्याच्या टाक्या. पंपवाले म्हणाले, "पुरावा आणा."

पुराव्यासाठी आम्ही मोकळ्या जागेत चार इंची तीन निरीक्षण बोअर मारले आणि सॅम्पल घ्यायला एका कन्सल्टंटला बोलावलं. अडतीस हजार रुपये, त्यातले निम्मे आगाऊ. नाव लिहीत नाही, पण माणूस गोड बोलणारा होता.

स्वतः तो आलाच नाही. मोटरसायकलवरून एक पोरगा आला. नायलॉनच्या दोरीला बांधलेला बेलर, म्हणजे तळाला झडप असलेली लांब नळी, त्याने बोअरमध्ये सोडला, वर ओढला आणि बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत खांद्यापर्यंत पाणी भरलं. तीन बोअर, तीन बाटल्या, एकच दोरी. चाळीस मिनिटांत काम आटोपलं. बाटल्या पिशवीत घालून हँडलला अडकवल्या, मे महिन्याच्या दुपारी. जाताना एक छापील फॉर्म पुढे केला. "सर, सेक्रेटरींची सही लागते." मी चहाचं विचारत विचारत सही केली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. तिन्ही बोअरमध्ये बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, 'बीडीएल', म्हणजे यंत्राच्या मोजमर्यादेखाली. कमिटीने सुटकेचा श्वास टाकला, उरलेले पैसेही दिले. वास मात्र जाईना.

माझी भाची भूजलावर काम करते. तिला फोन केला तर तिचा पहिलाच प्रश्न, "मामा, बाटलीत बुडबुडा होता का?" म्हटलं, "बुडबुडा कसला, वर चार बोटं हवा होती." ती थोडा वेळ गप्पच झाली.

मग तिने सांगितलं. बेंझिन उडून जाणारं. म्हणून चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या लागतात, आत थोडं आम्ल, काठोकाठ भरून झाकण लावायचं, उलटी करून बुडबुडा नाही ना ते बघायचं आणि लगेच बर्फात. शिवाय बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी खरं नसतं. ते आधी उपसावं लागतं, साधारण बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट. हळू पंपाने थोडंच पाणी काढायचीही पद्धत आहे, पण तिथे सामू (पीएच) आणि पाण्याच्या विद्युतवाहकतेचे आकडे स्थिर होईपर्यंत लिहून ठेवतात. आमच्याकडे मीटरच नव्हता.

मी फॉर्मची प्रत काढली. "प्रत्येक बोअरमधून तीन आकारमान पाणी उपसले" आणि खाली माझी सही. हिशेब मांडला. बोअरमध्ये नऊ मीटर पाणी, चार इंची व्यासाला मीटरमागे जवळजवळ आठ लिटर, म्हणजे सत्तर लिटर. तिप्पट केलं की दोनशे दहा. बेलरमध्ये मावतं जेमतेम एक लिटर. एकेका बोअरला दोनशेच्या वर खेपा! आणि दूषित असण्याची शंका असलेलं ते पाणी पिंपात भरून ठेवायचं असतं. आमच्याकडे पिंप नव्हतं आणि त्या दिवशी बोअरभोवतीची जमीनसुद्धा ओली झाली नव्हती.

लॅबला फोन केला. ते म्हणाले, "आमच्याकडे जे आलं ते तपासलं." रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तसं लिहिलेलंही होतं: नमुना ग्राहकाने आणून दिला. मोजमर्यादा छापली होती लिटरला 0.5 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यासाठीचं मार्गदर्शक मूल्य 0.01 आहे. पन्नास पट जास्त बेंझिन असतं तरी बीडीएलच आलं असतं. वर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा शिक्का, म्हणून आम्ही निर्धास्त. शिक्का असला तरी त्या मान्यतेच्या व्याप्तीत बेंझिन आहे का, हे एनएबीएलच्या साइटवर पाहता येतं. आम्ही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या लॅबची माणसं आली, स्वतः उपसा करून सॅम्पल घेऊन गेली. पंपाच्या बाजूच्या बोअरमध्ये बेंझिन निघालं 0.14. तोवर दोन महिने सगळी घरं त्याच पाण्याने अंघोळ करत होती.

पैसे परत मागितले तर कन्सल्टंटने तोच फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. माझ्या सहीभोवती लाल गोल काढून.