बॅरी सँडर्स की एमिट स्मिथ? अमेरिकन फुटबॉलमधल्या या दोन रनिंग बॅकपैकी (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंपैकी) सरस कोण?

डेट्रॉइट लायन्सचा सँडर्स 10 मोसमांत (1989-98) 3,062 वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याने 15,269 यार्ड काढले, म्हणजे दर धावेला जवळपास 5. मुख्यतः डॅलस काउबॉइजकडून खेळलेला स्मिथ 15 मोसम टिकला: चेंडू घेऊन 4,409 धावा, 18,355 यार्ड, सरासरी 4.2. धावून काढलेल्या एकूण यार्डांचा एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) विक्रम अजूनही त्याच्याच नावावर आहे.

खरा फरक पायांत. वाट बंद दिसली की सँडर्स जागच्या जागी थांबून उलट्या बाजूला वळायचा. साधलं तर मैदान मोकळं, फसलं तर होते ते यार्डही जायचे. 1994च्या मोसमात प्लेऑफमध्ये ग्रीन बे संघाने त्याला 13 धावांत उणे 1 यार्डावर रोखलं. स्मिथ फुलबॅक (पुढे धावून वाट मोकळी करणारा) डॅरिल जॉन्स्टनच्या पाठीमागे दबा धरून जायचा, फट उघडताच घुसायचा. पहिल्या धक्क्याला सहसा पडायचा नाही. जानेवारी 1994मध्ये जायंट्सविरुद्ध खांद्याचा सांधा सरकूनही त्याने 168 यार्ड काढले आणि डॅलस जादा वेळेत जिंकलं.

सुपर बोल (एनएफएलची विजेतेपदं) स्मिथकडे तीन, सँडर्सकडे एकही नाही. पण डॅलससारखी ब्लॉकरची (प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्यांची) फळी सँडर्सला कधी लाभलीच नाही, हे धरायलाच हवं. एकच यार्ड हवा असेल तर चेंडू स्मिथकडे, एरवी सँडर्सकडे.