थ्री-पार्ट सेल काउंटर आरबीसी (रक्तातल्या लाल पेशी) मोजायला कसं आहे (ग्वाल्हेरच्या थंडीत वापरून)

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे आणि सीबीसीसाठी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) आम्ही सिसमेक्सचं एक्सपी-१०० हे थ्री-पार्ट मशीन (पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजणारं) वापरतो. एवढ्याशा लॅबला मशीन हवंच का, चेंबरवर (मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची रेघांची काच) भागत नाही का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

न्यूबॉर चेंबर स्वस्त आहे आणि लाइट गेली तरी काम अडत नाही. लाल मण्याच्या पिपेटमधे ०.५ पर्यंत रक्त, मग १०१ पर्यंत हायेम्स फ्लुइड (रक्त पातळ करायचं द्रावण), झालं २०० पट पातळ, मग मधल्या चौकोनातले ८० बारीक चौकोन मोजा आणि १०,००० ने गुणा. ४५० पेशी आल्या तर काउंट ४५ लाख (एका मायक्रोलिटर रक्तात). पण ४५० मोजल्यावर वीसेक पेशी निव्वळ योगायोगानंच कमीजास्त होतात, म्हणजे रिपोर्टमधे दोन लाखांचा फरक तिथंच पडला, पिपेटची चूक त्यावर वेगळी. आणि हायेम्समधे पाऱ्याचं क्लोराइड असतं, तरी नळी तोंडात धरून ओढणारे आहेत, ते खरंच बंद करा. सीएसएफच्या (मेंदू-मणक्याभोवतालचं पाणी) पेशी मोजायला चेंबर ठेवाच, आरबीसीसाठी नको.

मशीनचं तत्त्व वॉलेस कूल्टरचं, त्याचं पेटंट १९५३ चं. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, पेशीतून जात नाही, म्हणून बारीक भोकातून पेशी गेली की रेझिस्टन्स क्षणभर वाढतो आणि एक पल्स मिळतो. पल्स जितका उंच तितकी पेशी मोठी. ५० मायक्रोलिटर रक्त लागतं, तासाला ६० सॅम्पल होतात, आणि हजारो पेशी मोजल्यामुळे तेच सॅम्पल परत लावलं तरी आकडा फारसा हलत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की काउंटबरोबर एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) मिळतो. हिमोग्लोबिन १०.५, आरबीसी ५५ लाख (म्हणजे ५.५ मिलियन) आणि एमसीव्ही ६२ असेल तर ६२ भागिले ५.५ म्हणजे ११ च्या आसपास, १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) संशय घ्यायचा आणि लोहाच्या गोळ्या चालू करायच्या आधी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची टेस्ट) करायला सांगायचं. लग्न ठरायच्या वयाच्या मुलामुलींमधे तर हे बघितलंच पाहिजे.

आता थंडीचं. जानेवारीत सकाळी एका काकूंचं सॅम्पल लावलं तर आरबीसी १९.२ लाख, एमसीव्ही ११२, आणि हिमोग्लोबिन मात्र १०.६. एमसीएचसी (लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते) आलं ४९! एवढं एमसीएचसी माणसाच्या रक्तात असूच शकत नाही, पेशीत तेवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. ट्यूब हलवून काचेवर बघितली तर रक्त रवाळ दिसत होतं, कोल्ड अग्लुटिनिन (थंडीत लाल पेशी एकमेकींना चिकटवणारी अँटिबॉडी), म्हणजे गारठ्यानं पेशींचे गुच्छ झालेले आणि मशीन एका गुच्छाला एक मोठी पेशी समजत होतं. ट्यूब ३७ डिग्रीला ठेवली आणि गरम असतानाच लगेच परत लावली तर आरबीसी ३६ लाख, एमसीव्ही ८९, एमसीएचसी ३३. हिमोग्लोबिन तेच राहिलं कारण ते पेशी फोडून मोजतात. हा मशीनचा दोष नाही, भोकातून जे जातं ते ते मोजतं, पण पहिला प्रिंटआउट तसाच गेला असता तर काकूंच्या घरी उगाच केवढी घबराट झाली असती. म्हणून आमच्याकडे एमसीएचसी ३७ च्या वर गेलं की रिपोर्ट थांबवायचा आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली) बघायचा, यात सूट नाही.

बाकी ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळी ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, गुठळी राहिली की भोक अडतं. कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेलं रक्त) रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी लावा, रात्री बंद करताना मशीन सेलक्लीननं (सिसमेक्सचं धुवायचं द्रावण) धुवा. ऑनलाइन यूपीएस हवाच.

घेताना किमतीपेक्षा सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो ते विचारा. आमचा आधीचा डीलर (नाव नको) रिएजंट संपल्यावर फोनच उचलायचा नाही आणि पेशंट बाहेर बसून राहायचे. रिएजंटचा एक जादा सेट कायम कपाटात ठेवा आणि आणल्या आणल्या एक्सपायरी बघून घ्या.