गावच्या पाण्याचा निकाल मोबाईलवर: जलजीवन मिशनच्या पाणी गुणवत्ता पोर्टलचा अनुभव

गावच्या पाणीपुरवठा समितीचे काम करताना गेली दोन वर्षे मी जलजीवन मिशनचे पाणी गुणवत्ता पोर्टल नियमितपणे वापरते आहे. २०२१ साली सुरू झालेल्या या पोर्टलवर देशभरातील प्रयोगशाळांचे आणि गावोगावी किटने केलेल्या तपासण्यांचे निकाल एकत्र नोंदवले जातात. पूर्वी अहवालाचा कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात जाई आणि बोअरचे पाणी कसे निघाले हे कळायला ग्रामसेवकांना गाठावे लागे. आज तो निकाल गावातील कोणीही पाहू शकतो, आणि एवढ्याचसाठीदेखील मी या सेवेचे मनापासून स्वागत करते.

प्रत्येक गावातील पाच महिलांना किट वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी या योजनेत तरतूद आहे. आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरली ती शिल्लक क्लोरीनची, म्हणजे नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात किती क्लोरीन उरले आहे याची, तपासणी. छोट्या नळीत नळाचे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होते आणि तो रंग पट्टीशी जुळवून आकडा वाचायचा. टाकीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली आहे असे सांगितले जात असूनही वस्तीच्या टोकाच्या नळाला रंगच चढला नाही, तेव्हा क्लोरीन तिथपर्यंत पोहोचत नसल्याचे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराईडचा प्रश्न जुना आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, ते उकळून जात नाही. अशा ठिकाणी एकाच बोअरच्या जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येणे फार मोलाचे आहे. मात्र त्या आकड्यांचा अर्थ सोप्या मराठीत तिथेच लिहिलेला हवा.

माझी खरी काळजी निराळी आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याची बाटली वाटेत एका कार्यालयातील टेबलावर दोन दिवस पडून राहिली. जिवाणू तपासणीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचायला हवा. निकाल ‘योग्य’ असा आला, पण त्याच दिवशी घेतलेल्या पाण्याची माझ्याकडची एचटूएस कुपी, म्हणजे पाणी जिवाणूंनी दूषित असेल तर काळी पडणारी तपासणीची छोटी बाटली, दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली होती. कुपीची चाचणी प्राथमिक असते, हे मला मान्य आहे, तरीही त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना ‘योग्य’ हा शब्द वाचून दाखवायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून नमुना कधी घेतला आणि कधी तपासला, या दोन वेळा गावाच्या पानावर निकालाच्या शेजारीच ठळकपणे दिसाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आता मी बाटलीवर वेळ लिहून ती बर्फाच्या डब्यातून स्वतः पोहोचवते. विहिरीचा दुसरा नमुना सोमवारी दिला आहे. निकाल येईपर्यंत ते पाणी उकळून प्यावे, असे घरोघरी सांगून आलो आहोत.