ई-ग्रामस्वराज अ‍ॅप: नऊ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, मी पंचायत सदस्य नाही आणि कुठल्या पॅनेलचीही नाही. कराड तालुक्यात उसाच्या पट्ट्यात आमचं गाव, त्यातही मी वस्तीवरची. बचत गटाचं रजिस्टर माझ्याकडं असतं, कागदपत्रांशी संबंध तेवढाच. जानेवारीत मुलानं हे अ‍ॅप माझ्या मोबाइलवर टाकून दिलं, कारण मी घरात रोज एकच पाढा वाचत होते: गावातनं वस्तीकडं येणाऱ्या वाटेला दिवे का नाहीत? दोन्ही बाजूंना ऊस, आणि बिबट्या आमच्याकडं आता फक्त गोष्टीतला राहिलेला नाही. संध्याकाळी डेअरीला दूध घालून बायका तिघी-चौघी मिळून परततात, रिकाम्या किटल्या वाजवत. पंचायतीत विचारलं की उत्तर ठरलेलं, "निधी नाही."

हे अ‍ॅप केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं, 24 एप्रिल 2020 ला आलेलं. बघायला लॉगिन लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडायची. मग निवडून आलेल्यांची नावं, मंजूर कामं आणि पैशाची प्रगती दिसते. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मी दुसऱ्यांचीच गावं बघितली. माहेरी किती कामं, नणंदेच्या गावाला किती पैसे. स्वभावाला औषध नाही.

आपल्या गावाचं पान वाचायला मात्र वेळ लागला. कामाचं नाव पंचायतीत जसं टाइप होतं तसंच दिसतं, आणि आमच्याकडं ते इंग्रजी अक्षरांत मराठी असं काहीतरी झालेलं. गटाराचं 'गटर', पाणंदीचं 'पनंद'. एका कामाला तर नुसतं 'अदर' लिहिलेलं. ते काय, हे मला अजून कळलेलं नाही. मुलगा आणि मी एक रविवार बसून सगळी यादी वहीत मराठीत उतरवली, तेव्हा कुठं चित्र दिसलं.

दिसलं ते असं. गावाला केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगातून 2025-26 पर्यंत जे पैसे यायचे, त्यांचे दोन कप्पे होते. 60 टक्के बंधित: त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. 40 टक्के अबंधित: गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगारावर आणि ऑफिसच्या खर्चावर नाही. दिवे या दुसऱ्या कप्प्यात यायचे. म्हणजे "निधी नाही" हे वाक्य अर्धं खरं होतं. गटारासाठी होता, दिव्यासाठी नव्हता. बचत गटाचा हिशोब ठेवणारीला हे लगेच समजतं, आमच्याकडंही फिरता निधी वेगळा आणि बायकांची बचत वेगळी. पण पंचायतीत हे कुणी कधी फोड करून सांगितलं नव्हतं. मग 2025-26 च्या अबंधित कप्प्यात बघितलं तर सगळ्यात मोठं काम देवळापुढच्या पेव्हर ब्लॉकचं. देवाशी माझं भांडण नाही, पण देव काही अंधारात डेअरीवरनं परत येत नाही.

1 मेच्या ग्रामसभेत वही घेऊन उभी राहिले. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, माणूस शांत. म्हणाले, "वहिनी, हा आराखडा ग्रामसभेनंच मंजूर केलाय. तुमचीपण सही आहे." रजिस्टर उघडून दाखवलं. होती! हिवाळ्यात रजिस्टर घरोघरी फिरलं होतं, मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानं सही केली होती. बोटाचा डागसुद्धा त्या पानावर होता. सभेत हशा पिकला. मी खाली बसले.

या अ‍ॅपबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला त्या दिवशी कळली. तिथं जे दिसतं ते ठरून गेलेलं असतं. पुढच्या वर्षाचा आराखडा 2 ऑक्टोबरपासून करायला घेतात. तो मंजूर होऊन वर चढल्यावर आपण मोबाइलवर बघायचं म्हणजे वरातीमागून घोडं. मात्र सभा संपल्यावर भाऊसाहेबांनीच बाजूला घेऊन सांगितलं, पुरवणी आराखड्यात काम घेता येतं, फक्त ग्रामसभेचा ठराव पाहिजे.

मग जुळवाजुळव सुरू केली. पंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावं म्हटलं तर तिथं फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतो. वाढदिवसाचे बॅनर तेवढे येतात. बायकांना स्क्रीनशॉट पाठवले, पण निम्म्या जणींचा फोन संध्याकाळी पोरांच्या हातात आणि दिवसा मालकाच्या खिशात. शेवटी वहीतली यादी मोठ्या अक्षरांत दोन कागदांवर लिहून झेरॉक्स काढल्या आणि एक डेअरीच्या भिंतीवर फॅट बघायच्या मशीनशेजारी चिकटवली. तिथं सकाळ-संध्याकाळ सगळं गाव येतं. चार दिवसांत पेव्हर ब्लॉकचा आकडा लहान पोरांनाही पाठ झाला.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. आमच्याकडं तिला दहा-बाराजणी यायच्या, चहा पिऊन जायच्या. ऑगस्टात शाळेची खोली भरली. सरपंचही बाई आहेत, पण एरवी त्यांचे मालकच बोलतात. त्या दिवशी ते दाराबाहेर थांबले आणि सरपंचताईंनी ठराव स्वतः वाचला. सूचक मी, अनुमोदक वस्तीवरच्या आमच्या आत्या. 15 ऑगस्टच्या सभेला गणपूर्ती झाली नाही (मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या लागते). सभा तहकूब. तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही. या नियमावर आजवर बरीच कामं आमच्या माघारी मंजूर झाली. यंदा आठवड्यानं आम्हीच जाऊन बसलो, आणि दहा दिव्यांचं काम पुरवणीत गेलं.

पुण्याच्या नणंदेला हे सांगितलं. तिथली महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. ती म्हणाली, आम्ही तर आधीच फॉर्म भरतो. हेच मला हवंय, आधी विचारणारं. मी वापरलेलं अ‍ॅप दाखवतं चांगलं, पण विचारत काही नाही. मुलाचं मत निराळं. तो शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण देतो. तिथं 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. "गावानं ठरवलं तर भोंगासुद्धा पुरतो," असं त्याचं म्हणणं. असेल. पण आमच्या गावाचा आकडा भोंग्यानं नसता कळला.

सप्टेंबरात काम अ‍ॅपवर दिसायला लागलं. मी हरखून आत्यांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"ह्यात आपला दिवा दिसतोय व्हय?"

"दिसतोय की."

"मग वाटंवर कवा दिसायचा?"

अजून दिसलेला नाही. वळणावर चार खांब येऊन पडलेत, पैशाच्या रकान्यात शून्य आहे. मी दर रविवारी उघडून बघते.

नव्यानं वापरणाऱ्यांना एकच सांगणं: अ‍ॅप सप्टेंबरात उघडा, चालू वर्षाची यादी मराठीत उतरवून घ्या आणि 2 ऑक्टोबरच्या सभेला घेऊन जा. माझ्या वहीत यंदा तीन कामं आहेत, त्यातलं पहिलं अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याचं. आणि रजिस्टर घरी आलं तर आधी हात धुणार, वरचं पान वाचणार, मग सही.