चार तारे; पाचवा दुसऱ्या फेरीत गेला

ठाण्यातल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाबद्दल लिहितेय. मी कळव्यात घरूनच डीटीपीची कामं घेते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका. लॅपटॉप जुना, त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. भाचा म्हणाला, "मावशी, इंटरनेटसाठी लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम टाकून देतो, तुझे फाँट आणि पेजमेकर विंडोजमध्ये राहू देत." आणि रविवारी बसला.

सगळं झालं आणि शेवटी ग्रबच (चालू करताना विंडोज की मिंट हे विचारणारा मेनू) बसेना. रीस्टार्ट केल्यावर मिंट नाहीच, विंडोजपण गायब. स्टेशनजवळच्या एका दुकानात (नाव घेत नाही) लॅपटॉप धड न बघताच सांगितलं, हार्ड डिस्क गेली, नवी टाका, डेटाची गॅरंटी नाही. २०१४ पासूनची कामं आहेत त्यात! त्या रात्री घास उतरला नाही.

गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे दुकान शेजारणीने सुचवलं. दुकानदार दादांनी आधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालू केलं, एक ओळ टाइप केली आणि डिस्कचे सगळे पार्टिशन, म्हणजे भाग, समोर आले. "डिस्क ठणठणीत आहे ताई. घोळ या १०० एमबीच्या बारक्या पार्टिशनचा आहे." ते ईएफआय पार्टिशन. लॅपटॉप चालू केला की मदरबोर्ड बूटच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करायच्या, फाइली तिथे शोधतो, आणि त्याला फॅट फॉरमॅटच वाचता येतं. भाच्याने मिंटच्या बाकीच्या पार्टिशनसारखं त्यालाही ईएक्सटी-४ हे लिनक्सचं फॉरमॅट निवडलं, वर फॉरमॅटची खूण केली. त्यामुळे विंडोजच्या बूट फाइली पुसल्या गेल्या, आणि ईएक्सटी-४ वर ग्रब बसायला तयार नाही. "घर शाबूत आहे, नुसतं लॅच लागलंय," म्हणाले, आणि माझे डी ड्राइव्हवरचे फोल्डर उघडून दाखवले. तिथेच मी खुर्चीत नीट बसले.

फॉरमॅट करण्याआधी त्यांनी पार्टिशनचा नंबर मलाही मोठ्याने वाचायला लावला. चुकीच्या नंबरवर एंटर दाबलं की परत मिळत नाही म्हणे. ही सवय मला फार आवडली. पत्रिकेतली तारीख मीही गिऱ्हाइकाकडून अशीच वाचून घेते. मग ते पार्टिशन फॅट-३२ केलं, विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बीसीडीबूट ही विंडोजची कमांड चालवून बूट फाइली परत आणल्या आणि वर ग्रब बसवलं. तेवढ्यात मी मामलेदारची मिसळ खाऊन आले. सातशे रुपये घेतले.

आता तक्रार. दुकानात विंडोज उघडून बघितलं, कारण माझं काम त्यात. मिंटचं नुसतं नाव मेनूत दिसलं आणि "झालं" म्हणाले. घरी मिंट निवडलं तर दीड मिनिट नुसती वाट, मग काळा पडदा आणि इमर्जन्सी मोड. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुलावरच्या ट्रॅफिकमधून ठाणं गाठलं. फॉरमॅट केलं की पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलतो. चालू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असते त्या मिंटच्या एफएसटॅब नावाच्या फाइलीत जुनाच राहिला होता, पुढे प्रकारही ईएक्सटी-४ लिहिलेला. मिंट बिचारं नसलेल्या पार्टिशनची वाट बघत बसलं होतं. दादांनी ती एक ओळ दुरुस्त केली, "माझीच चूक, ताई" म्हणाले, पैसे घेतले नाहीत. मी मात्र तिथेच बसून दोन्ही दोनदोनदा चालू करून घेतलं. तुम्हीही घ्या.

दुकान इतकं अरुंद आहे की दोन माणसं आली की तिसरा पायरीवर. स्वतःचा चार्जर घेऊन जा, माझ्या लॅपटॉपची पिन त्यांच्याकडच्या एकाही चार्जरला जुळली नाही.